टपावरचा उजेड आणि वायरींचा गुंता

परभणी जिल्ह्यात सोयाबीनची काढणी सुरू झाली की रात्रीच्या शिवारात जागोजागी उजेडाची बेटे दिसू लागतात. मळणीयंत्राशेजारी उभा असलेला ट्रॅक्टर, बांधावर माल भरून घेणारे पिकअप, पुढे दिवाळीनंतर उसाच्या फडात शिरणारी वाहने आणि फाल्गुनात हरभऱ्यावर फिरणारे हार्वेस्टर, या साऱ्यांच्या टपावर जादा दिव्यांची रांग असते. पावसाने उघडीप दिली की पीक लवकरात लवकर घरात यावे, ही शेतकऱ्याची घाई समजण्यासारखी आहे. मजूर मिळतील त्या वेळी आणि यंत्र मोकळे असेल त्या वेळी काम उरकावे लागते. ती वेळ पुष्कळदा रात्रीची असते. कारखान्यातून वाहनासोबत आलेले पुढचे दोन दिवे रस्त्यासाठी असतात. पिकाच्या उंचीवरून पलीकडचे दिसावे किंवा गाडीच्या चारी बाजूंना उजेड पडावा, अशी त्यांची योजनाच नसते.

त्यामुळे टपावर दिवे बसवणे ही सर्वस्वी हौस आहे असे म्हणता येणार नाही. मात्र हे दिवे ज्या पद्धतीने जोडले जातात, ती पद्धत अनेकदा चिंता वाटावी अशीच असते. दिव्यांची निवड करताना चार दुकाने पालथी घालणारा वाहनमालक वायर मात्र जी हाताशी असेल ती वापरू देतो. दिवा जळला तर नवा आणता येतो. चुकीची वायर जळली तर तिच्यासोबत गाडी जाण्याची शक्यता असते.

सर्वाधिक प्रचलित पद्धत अशी : पुढच्या दिव्याकडे जाणारी वायर सोलायची, तिला नवी वायर पिळून जोडायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि ती थेट टपावर न्यायची. दिवे लागतात, कामही भागते. पण आत काय घडते ते पाहू. पुढच्या दोन दिव्यांचे मोठे झोत साधारणपणे प्रत्येकी ६० वॅटचे, म्हणजे दोन्ही मिळून १२० वॅटचे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्यांना सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो आणि त्या वायरीची जाडी, तिचा फ्यूज व स्विच तेवढ्याच हिशेबाने बसवलेले असतात. टपावर ५५ वॅटचे चार हॅलोजन दिवे जोडले की २२० वॅटची, म्हणजे आणखी १८ अँपिअरची भर पडते. दहाच्या जागी अठ्ठावीस अँपिअर वाहू लागतात. फ्यूज उडतो. तो का उडाला याचा विचार न करता त्या जागी मोठा फ्यूज किंवा थेट तांब्याच्या तारेचा तुकडा बसवला जातो आणि या क्षणापासून त्या जोडणीतील सर्वांत कमकुवत जागा म्हणजे डॅशबोर्डमागची, डोळ्यांना न दिसणारी वायर ठरते. फ्यूजचे काम दिव्याचे रक्षण करणे हे नसून वायरीचे रक्षण करणे हे आहे, ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्याने होणारे नुकसान फार मोठे असते.

या साऱ्याला उपाय आहे तो टपावरच्या दिव्यांना बॅटरीपासून स्वतंत्र वाट देण्याचा. बॅटरीच्या धन टोकावरून एक जाड वायर निघते. टोकापासून वीतभर अंतराच्या आत तिच्यावर फ्यूज बसतो. तेथून ती रिलेकडे आणि रिलेतून टपाकडे जाते. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते. तो भाग पत्र्यावर घासून त्याचे आवरण फाटले तर संपूर्ण बॅटरीची ताकद त्या एका ठिणगीत उतरते. अठरा अँपिअरच्या भाराला २५ अँपिअरचा फ्यूज योग्य होय. सपाट पात्यांच्या फ्यूजमध्ये तो रंगहीन, पारदर्शक असतो. २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. रात्री शेतात बदलायची वेळ आली तर हे रंग पाठ असलेले बरे. त्याच मापाचे दोन फ्यूज गाडीत ठेवले म्हणजे तारेचा तुकडा शोधण्याचा मोह होत नाही.

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. चालकाच्या हाताशी असलेल्या छोट्या बटणातून अठरा अँपिअर नेले तर त्याचे टोक जळते, प्लॅस्टिक वितळते. रिलेच्या आत तारेचे एक वेटोळे असते. बटणातून त्याला अँपिअरचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा मिळाला तरी लोहचुंबक तयार होऊन आतली पट्टी ओढली जाते आणि मोठ्या प्रवाहाची वाट खुली होते. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या रिलेवर ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे कोरलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वर दिव्याकडे जाणारी, ८६ वर बटणाकडून येणारी आणि ८५ वर बॉडीची अर्थिंग, अशी ही जोडणी असते. पाच पायांच्या रिलेमध्ये ८७ सोबत इंग्रजी 'ए' अक्षर असलेला आणखी एक पाय असतो. तो बटण बंद असताना चालू राहतो. चुकून तेथे वायर लागली तर बटण बंद केले की दिवे लागतात आणि कारागीर तासभर डोके खाजवत बसतो. रिले बसवताना त्याचे पाय खाली राहतील असे पाहावे. वर राहिले तर पाणी सांडून त्यातच साचते.

आता वायरीच्या जाडीचा प्रश्न. येथे काटकसर फार महागात पडते आणि गंमत म्हणजे ती महागात पडली हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. बॅटरीपासून टपापर्यंत वळणे घेत जाणारी वाट चार मीटरची धरली आणि परतीची वायरही तितकीच, तर प्रवाहाला आठ मीटर तांब्यातून जावे लागते. दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर अठरा अँपिअरला वाटेतच सुमारे १.७ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे बारापैकी दहाच्या थोडेसेच वर व्होल्ट दिव्यापर्यंत पोहोचतात. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही. तो त्याहून पुष्कळ वेगाने उतरतो. चौदा टक्के दाब कमी झाला की जवळपास चाळीस टक्के उजेड नाहीसा होतो. चार दिव्यांचे पैसे मोजून अडीच दिव्यांचाही उजेड मिळत नाही आणि हरवलेली वीज वायर तापवण्यात जाते. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली तर घट सुमारे ०.६ व्होल्टवर येते. सहाची घेतली तर ०.४ वर. चार ही किमान, सहा उत्तम. घरगुती वायरिंगच्या दुकानातून आणलेल्या एकेरी, जाड तांब्याच्या तारेऐवजी बारीक तारांची पिळदार, वाहनांसाठीची वायर हवी. एकेरी तार सततच्या हादऱ्याने कालांतराने आतल्या आत तुटते.

बाजारात आता एलईडी पट्ट्यांची चलती आहे आणि ती रास्तही आहे. तितक्याच उजेडाला त्या कमी वीज घेतात. १२० वॅटची पट्टी सुमारे १० अँपिअरवर चालते. त्यामुळे अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा निळा फ्यूज पुरतो. परंतु 'एलईडीला काही लागत नाही' असे समजून बारीक वायर ओढणे चूक आहे. पट्टीतील यंत्रणा उजेड कायम राखण्याचा प्रयत्न करते, म्हणून दाब कमी मिळाला की ती उलट अधिक प्रवाह खेचते. खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा पट्टी चालू करून प्रवाह प्रत्यक्ष मोजलेला बरा. स्वस्त मालात छापील आकडा आणि खरा आकडा यांची क्वचितच गाठ पडते. मालमोटारींची बॅटरी २४ व्होल्टची असते, हेही दिवे घेताना विसरता कामा नये.

वाट ठरवताना

नीटनेटकी जोडणी कोणती, याची एक सोपी खूण आहे : काम झाल्यावर वायर कोठे आहे ते दिसत नाही, पण बिघाड झाल्यावर ती शोधावी लागत नाही. बॉनेटखाली वायर मूळ वायरिंगच्या जुडग्यासोबत, नालीदार प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी आणि वीतभर अंतराने केबल टायने बांधावी. इंजिनाचा धूर बाहेर टाकणारा पाइप, पंख्याचा पट्टा आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यापासून ती दूर हवी. पत्र्याला भोक पाडावे लागले तर त्यात रबरी बुश बसवल्यावाचून वायर ओवू नये. पत्र्याची कडा सुरीसारखी असते आणि खडबडीत रस्त्यावर ती आवरण रोज थोडे थोडे कापत राहते.

बॉनेटपासून टपापर्यंत जाण्याच्या वाटा दोन. पहिली बाहेरून : काचेच्या कडेच्या रबराखालून किंवा टपाच्या पन्हाळीतून. जुन्या जीपगाड्यांना व ट्रॅक्टरला ही बरी, कारण पत्र्याला भोक पडत नाही आणि गंजही चढत नाही. दुसरी आतून, पुढच्या काचेशेजारच्या खांबातून. ही दिसायला देखणी; पण नव्या अनेक गाड्यांत त्याच खांबाच्या आवरणामागून टपाच्या कडेने जाणारी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. तिच्यावरून वायर गेली तर अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो. अशा गाडीत खांब उघडण्याचे धाडस अधिकृत कार्यशाळेबाहेर करू नये हे उत्तम. टपावरून आत शिरण्यापूर्वी वायरीला खालच्या दिशेने एक छोटा झोला द्यावा. पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत येते. झोल्याच्या तळाशी येऊन ते टपकते आणि आत शिरत नाही. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी परभणी जिल्ह्यात झाली तशी अतिवृष्टी दरवर्षी होत नसली तरी दिव्यांची जोडणी तशा पावसाचा विचार करूनच केलेली असावी.

जिल्ह्यातले दुसरे टोक उन्हाळ्याचे. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ अंशांच्या वर सहज जातो आणि उभ्या गाडीच्या टपाचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. नेहमीच्या काळ्या चिकटपट्टीचा डिंक या उष्णतेत वितळून पट्टी सुटते आणि सांधा उघडा पडतो. म्हणून वायरी पिळून जोडण्याऐवजी योग्य मापाचे थिंबल दाबयंत्राने बसवावे आणि त्यावर उष्णतेने आकसणारी, आत गोंद असलेली नळी चढवावी. पकडीने ठोकून बसवलेले थिंबल पहिल्या दिवशी घट्ट वाटते. सहा महिन्यांनी तेच तापू लागते. आणखी एक शत्रू आहे, त्याचा उल्लेख कोणत्याच माहितीपुस्तिकेत सापडत नाही : उंदीर. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनाची वायर नळीत बंदिस्त असणे म्हणूनही आवश्यक आहे.

अर्थिंगकडे होणारे दुर्लक्ष हा तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. दिव्याच्या कंसातूनच परतीचा प्रवाह जाईल या भरवशावर ऋण वायर टपाच्या रंगीत पत्र्याला टेकवली जाते. रंग हा विजेला अडथळा असतो, कंसाखाली गंज चढतो आणि दिवे मंद होतात, लुकलुकतात. लोक दिवा बदलतात, फ्यूज बदलतात. दोष असतो एका नटाखाली. जाड ऋण वायर बॅटरीपर्यंत किंवा निदान चासीवरच्या रंग खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टपर्यंत न्यावी. ट्रॅक्टरच्या छतावर बहुधा फायबरचे आवरण असते, तेथे तर दुसरा पर्यायच नाही.

इंजिन बंद ठेवून माल भरताना हे दिवे किती वेळ चालू ठेवायचे, याचा हिशेबही सोपा आहे. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून चार हॅलोजन दिवे दोन तासांत ३६ अँपिअर-तास उपसतात. बॅटरी जुनी असेल तर त्यानंतर स्टार्टर नुसता टकटक आवाज करतो आणि भरलेले पिकअप ढकलायला माणसे बोलवावी लागतात.

कापसाच्या वाहनांबाबत मात्र अधिक सावध राहायला हवे. मानवत, सेलू, परभणीच्या बाजारात येणाऱ्या पिकअपमध्ये कापूस टपाच्या वर, कधी कधी पुढे झुकेल इतका भरलेला असतो. हॅलोजन दिव्याच्या आतली काचेची नळी शेकडो अंश तापते आणि दिव्याचे कवचही हाताला सोसवत नाही. फुटलेल्या काचेचा दिवा, त्याला टेकलेला कापूस आणि मागून येणारा वारा एवढे साहित्य आगीला पुरेसे आहे. सैल सांध्यातून उडणारी ठिणगीही तेच काम करते. कापूस किंवा वाळला कडबा वाहणाऱ्या वाहनाच्या टपावर मागच्या बाजूला हॅलोजन दिवा असूच नये आणि माल भरल्यावर टपावरच्या जोडणीचा फ्यूज काढून ठेवावा, हे सांगण्यात अतिशयोक्ती नाही.

समोरच्याच्या डोळ्यांत

येथवरचा विचार गाडीच्या आतल्या माणसाचा झाला. समोरून येणाऱ्याचा विचार केला तर टपावरच्या दिव्याची दुसरी बाजू दिसते. गाडीचा मूळ दिवा जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास असतो आणि त्याचा छोटा झोत किंचित खाली झुकवलेला असतो. शंभर मीटरला एक मीटर एवढा उतार धरला तर झोताची वरची कड सत्तर-पंचाहत्तर मीटरवर रस्त्याला टेकते. हाच उतार दोन मीटर उंचीवरच्या दिव्याला दिला तर पन्नास मीटरवर त्याची कड दीड मीटर उंचीवर असते. दीड मीटर ही मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची. म्हणजे कितीही काळजीने झुकवला तरी टपावरचा दिवा समोरच्या दुचाकीस्वाराला आंधळे केल्यावाचून राहत नाही. पाथरी, मानवत, परभणी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ असो की परभणी-गंगाखेड रस्ता, कडेने बैलगाडी, उसाची ट्रॉली किंवा पायी चालणारा माणूस असतोच. डोळे दिपलेल्या चालकाला पुढचे काही क्षण तो दिसत नाही आणि ताशी साठ किलोमीटरच्या वेगात एका सेकंदाला जवळपास सतरा मीटर अंतर कापले जाते.

रस्त्यासाठी हा दिवा चालकाच्या स्वतःच्या फायद्याचाही नाही, हे अनेकांना पटत नाही. रात्री खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. खालच्या दिव्याचा तिरपा उजेड खड्ड्यात लांब सावली पाडतो. डोळ्यांच्या रेषेजवळून, वरून येणारा उजेड ती सावलीच पुसून टाकतो आणि रस्ता सपाट भासतो. धुके, पाऊस किंवा मळणीचा धुरळा असेल तर वरचा उजेड कणांवर आपटून थेट डोळ्यांत परततो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. बॉनेटवर पडणारी चमक वेगळीच. दिवे टपाच्या पुढच्या कडेपासून थोडे मागे सरकवले तर ती टपाच्या आडोशाने कमी होते.

कायद्याची भूमिकाही फारशी संदिग्ध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ नुसार परिवहन वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच तो लावता येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. एमएच २२ क्रमांकाच्या वाहनाला जे हवे ते बसवण्यापूर्वी परभणीच्या परिवहन कार्यालयात विचारणा करणे यासाठीच हिताचे. अपघात झाला तर विमा कंपनीही अशा फेरफाराकडे बोट दाखवू शकते.

म्हणून वायरिंगची आखणीच अशी करावी की रस्त्यावर चूक होऊ नये. पुढे तोंड असलेल्या दिव्यांचे बटण मोठ्या झोताच्या वायरीवरून चालणारे ठेवावे. त्या वायरीतून रिलेपुरता क्षुल्लक प्रवाह घेतला तर मूळ जोडणीवर भार येत नाही. समोर गाडी दिसली आणि चालकाने सवयीने छोटा झोत केला की टपावरचे दिवेही त्याच क्षणी विझतात. मागे व बाजूला तोंड असलेल्या, उभ्या गाडीच्या कामासाठीच्या दिव्यांना मात्र वेगळा रिले व वेगळे बटण हवे. दोन्ही बटणांत लहान लाल सूचक दिवा असावा, म्हणजे मागचा दिवा चालू राहून गेला तर चालकाला कळेल. काही गाड्यांत दिव्यांचा स्विच धन बाजूऐवजी ऋण बाजूवर असतो, तर संगणकीय नियंत्रणाच्या नव्या गाड्यांत वायर सोलताच डॅशबोर्डवर दोषाची खूण उमटते. तेव्हा मल्टिमीटर लावून खात्री केल्याशिवाय कोणतीही वायर कापू नये आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. शेत सोडून डांबरी रस्त्याला लागताना दिव्यांवर झाकणे चढवावीत.

जोडणी पूर्ण झाल्यावर दिवे अर्धा तास चालू ठेवावेत आणि मग बोटांनी फ्यूजचे घर, रिलेचे पाय व प्रत्येक सांधा चाचपावा. कोमट लागला तर हरकत नाही; चटका बसला तर तो सांधा पुन्हा करावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धनावर आणि दुसरे दिव्याच्या धन वायरीवर ठेवले, की वाटेत किती व्होल्ट गळतात तेही लगेच दिसते. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर कारागिराला पैसे द्यावेत. हीच तपासणी पहिल्या पावसानंतर एकदा आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा करावी, कारण नट हादऱ्याने सैल होतात आणि उंदीर वर्षभर कामावर असतात.